तेलात पाणी होतं, असं मी म्हणालो

शनिवार होता, म्हणून शाळा सकाळची होती. साडेअकराला घरी आलो, बूट काढले आणि पंख्याखाली बसून मोबाइल उघडला, तर सोसायटीच्या ग्रुपवर एकच क्लिप सात-आठ जणांनी टाकलेली. शहराबाहेर, खाडीच्या बाजूला, विमान चालवायला शिकवणाऱ्या एका खाजगी संस्थेची छोटी धावपट्टी आहे. तिथलं एक विमान त्या सकाळी उडता उडता पडलं होतं. शेताच्या बांधावरून कोणीतरी ते टिपलं होतं. विमान जमीन सोडतं, नाक वर करतं, जरा जास्तच वर करतं, क्षणभर हवेत अडल्यासारखं होतं आणि डावा पंख खाली टाकून बाभळींच्या मागे नाहीसं होतं. मग धूळ दिसते. क्लिप काढणारा ओरडतो, "पडी गयुं, पडी गयुं!" आणि तिथेच ती संपते.

आत दोघं होते, एक शिकणारी मुलगी आणि तिला शिकवणारे कॅप्टन. दोघंही जिवंत आहेत, मुलीचा पाय मोडला आहे आणि कॅप्टनच्या पाठीला मार बसला आहे, एवढं दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं होतं.

मी विज्ञान शिकवतो. मूळचा अकोल्याकडचा, पण बावीस वर्षं सुरतेत आहे. राहायला भेस्तानला, नोकरी नवागामजवळच्या मराठी माध्यमाच्या शाळेत. विमानांशी माझा संबंध म्हणाल तर एवढाच, की कॉलेजात असताना छात्रसेनेच्या हवाई तुकडीत होतो, आणि एकदा, आयुष्यात एकदाच, नागपूरला दोन सीटच्या विमानात वीस मिनिटं बसलो होतो. त्या वीस मिनिटांवर मी तीस वर्षं बोलत आलो आहे. पुढे नाद लागला म्हणून वाचलंही बरंच. गच्चीवर उभं असताना वरून विमान गेलं की त्याचा प्रकार सांगायचा, कुठे अपघात झाला की चार जणांत त्याची चिकित्सा करायची. सोसायटीत मला 'विमानवाले सर' म्हणतात. हे नाव मला आवडायचं.

ग्रुपवर लगेच विचारणा सुरू झाली. "सर, हे कोणतं विमान?" "सर, काय झालं असेल?" आमचे अध्यक्ष गुजराती आहेत, त्यांनी लिहिलं, "साहेब, तमे कहो." दोन माणसं दवाखान्यात होती आणि मला बरं वाटत होतं. हे लिहिताना आज लाज वाटते, पण तसं वाटलं होतं हे खरं आहे.

क्लिपच्या मागोमाग कोणीतरी पडलेल्या विमानाचा फोटो टाकला होता. नाक चिखलात, शेपूट वर, एक पंख मोडलेला. मी तो मोठा करून पाहिला. पंख वरच्या बाजूला जोडलेले, पुढे एक आणि मागे दोन चाकं, शेपूट मागे झुकलेलं. मी शेपटाभोवती बोटानं लाल गोल काढला आणि लिहिलं, "हे दोन सीटचं जुनं शिकाऊ विमान. हे मी स्वतः चालवलेलं आहे." चालवलेलं नव्हतं. शेजारी बसलो होतो.

मग कारण. पंखा चालू, बाहेर भाजीवाल्याचा भोंगा, आणि मी ती क्लिप मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर ऐकत होतो. मला वाटलं, उडताना इंजिनाचा आवाज तुटतोय. एकदा तसं वाटल्यावर दर वेळी तुटायला लागला. नागपूरला त्या दिवशी उडण्याआधी आमच्या शिक्षकांनी पंखाखालच्या टाकीतून थोडं पेट्रोल काचेच्या ग्लासात काढून दाखवलं होतं. तळाशी वाटाण्याएवढा पाण्याचा थेंब होता. "हा इंजिनात गेला तर आपण खाली," असं ते म्हणाले होते. विमानाच्या अपघाताचं डोळ्यांनी पाहिलेलं असं माझ्याकडे एवढं एकच कारण होतं. मी तेच काढून दिलं. टाकीत दव धरतं, पाणी जड म्हणून तळाशी बसतं, सकाळी तेल भरणाऱ्या माणसानं तळाचं तेल काढून तपासायचं असतं, ते झालेलं नसणार, पाणी इंजिनात गेलं, जोर गेला, वैमानिकानं नाक वरच धरलं आणि विमान कोसळलं. सगळं कसं पायऱ्या पायऱ्यांनी, फळ्यावर लिहावं तसं लिहिलं. पंचावन्न जणांनी अंगठे दिले.

चार वाजता एक बाई आल्या. मोबाइलवर चालणाऱ्या एका बातम्यांच्या चॅनलसाठी त्या काम करत होत्या. आमच्याच सोसायटीतल्या कोणीतरी माझा मेसेज त्यांना पाठवला होता. खालच्या तुळशीच्या कट्ट्याजवळ उभं करून त्यांनी मला हिंदीत विचारलं, मी हिंदीत सांगितलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. शेवटी त्यांनी विचारलं, "तो सर, गलती किसकी?" मी जरा थांबलो, जसं वर्गात थांबतो, आणि म्हणालो, "एक आदमी ने पाँच मिनट का आलस किया."

हे वाक्य त्यांनी व्हिडिओच्या वर मोठ्या अक्षरांत टाकलं.

रविवार, सोमवार, मंगळवार असेच गेले. शाळेत मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर तो व्हिडिओ लावला. रिक्षावाल्यानं ओळखलं. आमच्या मराठी मंडळाच्या सचिवांचा फोन आला, येत्या रविवारी हॉलमध्ये तुमचं व्याख्यान ठेवू, 'विमान का पडतं?' असा विषय ठेवू. मी हो म्हणालो.

बुधवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला दाराची बेल वाजली. बायको बँकेतून अजून यायची होती. दार उघडलं तर एक पंचविशीची मुलगी, खांद्याला डबा ठेवायची पिशवी. चेहरा ओळखीचा, नाव आठवेना.

"सर, मी तुमच्या वर्गात होते. दहावीला."

आठवलं. पहिल्या बाकावर बसायची, प्रयोगवहीतल्या आकृत्या पेन्सिलीनं इतक्या स्वच्छ काढायची की मी त्या पुढच्या तुकडीला दाखवायचो. आता कतारगामला हिऱ्यांच्या कारखान्यात होती, भिंगातून हिरे तपासायच्या कामावर. मी तिला बसायला सांगितलं. ती सोफ्याच्या टोकावर बसली.

"सर, तुमचा तो विमानाचा व्हिडिओ मी पाहिला."

मला वाटलं कौतुक करायला आली. खरंच वाटलं. मी हसलोसुद्धा.

"तुम्ही म्हणालात तेल भरणाऱ्या माणसानं आळस केला. ते माझे पप्पा आहेत."

मी काय बोलावं? जे बोललो ते असं, "मी कोणाचं नाव घेतलं नाही."

"नाव कशाला लागतंय सर? तिथं तेल भरणारा माणूस एकच आहे."

मग ती सांगत गेली. आवाज न चढवता. घर मूळचं परभणीकडचं. पप्पांनी सोळा वर्षं नवागामला लूमच्या खात्यात, यंत्रमागांवर काढली, त्या खडखडाटात कान गेले, म्हणून ते काम सुटलं. सहा वर्षांपूर्वी धावपट्टीवर लागले. पहाटे मोटारसायकलनं निघतात, विमानं पुसतात, तेल भरतात. चौकशी होईपर्यंत घरी बसा, असं त्यांना आता सांगितलं होतं. गल्लीत कोणी त्यांना 'पाणीवाले काका' म्हणून हाक मारली होती. ते दोन दिवस खाली उतरले नव्हते.

"सर, तुम्हाला हे कुणी सांगितलं होतं का? पाण्याचं?"

"तो इंजिनाचा आवाज बघ ना, क्लिपमध्ये. तुटतोय."

"मी ती क्लिप इअरफोन लावून लई वेळा ऐकली सर. वारा आहे. नंतर एक ट्रॅक्टर आहे. तुटलेला आवाज मला नाही ऐकू आला."

मी मोबाइल उलटा करून टीपॉयवर ठेवला.

"भांडायला नाही आले मी," ती म्हणाली. "शुक्रवारी चौकशीवाल्या साहेबांनी पप्पांना धावपट्टीवर बोलावलंय. पप्पांचा जबाब घेणारेत. त्यांना नीट ऐकू येत नाही, हिंदीत साहेब बोलला की ते गोंधळतात. मला कारखान्यातून सुट्टी नाही मिळत, मी लई प्रयत्न केला. तुम्ही जाल का त्यांच्यासोबत? तुम्हाला त्यातलं कळतं."

तुम्हाला त्यातलं कळतं. मी म्हणालो, "शुक्रवारी घटक चाचणी आहे बाळा. शाळेतून निघता यायचं नाही."

चाचणी होती, पण ती माझ्या विषयाची नव्हती. मला भीती वाटली होती ती ही, की तिथे साहेब मला विचारतील, हे सगळं तुम्ही कशाच्या आधारावर बोललात?

ती उठली. "बरं सर," म्हणाली आणि चपला घालून गेली.

बायको आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, म्हणजे मला बरं दिसेल असं सांगितलं. तिनं पर्स खुंटीला लावली आणि विचारलं, "तिला पाणी तरी विचारलं का तुम्ही?"

मी विचारलं नव्हतं.

"कतारगामहून आली असंल ते पोरगी. दोन बस बदलून," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

मी मोबाइल घेतला आणि तो फोटो पुन्हा उघडला. या वेळी शेपूट सोडून बाकीचं पाहिलं. दारामागे आणखी एक खिडकी होती, चांगली हातभर लांब. दोन सीटच्या विमानात एवढ्या लांब खिडकीच्या मागे बसणार कोण? ते चार सीटचं विमान होतं. मी शेपटाभोवती जो लाल गोल काढला होता, त्याच्या बाहेर बोटभर अंतरावर ती खिडकी होती.

मग पंखा पाहिला, नाकावरचा. दोन पाती असतात त्याला. इंजिन बंद पडलेलं असताना विमान आपटलं तर एखादं पातं वाकतं, दुसरं सहसा सरळ राहतं. इंजिन जोरात फिरत असताना आपटलं तर दोन्ही पाती टोकाशी वळतात, भाकरी भाजताना कडा वळावी तशी. फोटोत दोन्ही पाती वळलेली होती. हे मला नव्यानं कळलं असतं तर गोष्ट निराळी. हे मला माहीत होतं. शाळेत मी हे एकदा फळ्यावर काढून दाखवलं होतं. इंजिन शेवटपर्यंत चालू होतं. तेलात पाणी नव्हतं, किंवा असलं तरी त्यानं विमान पडलं नव्हतं. आणि तो फोटो शनिवारी दुपारपासून माझ्या खिशात होता.

बुधवारी संध्याकाळी मला हे कळलं. गुरुवारी मी शाळेत गेलो, कोणाला काही बोललो नाही. शुक्रवारी चाचणीच्या वर्गावर नुसता पहारा देत बसलो आणि साडेदहाला, अकराला, घड्याळाकडे पाहत राहिलो. धावपट्टीवर त्या वेळी काय चाललं असेल ते मनात येत होतं. एका रिक्षानं, एका अर्ध्या रजेनं काम झालं असतं. मी गेलो नाही.

रविवारी व्याख्यान होतं. मी स्वतःला असं समजावलं होतं की तिथेच सगळं दुरुस्त करू. कागदावर तसं लिहूनही नेलं होतं. पण सचिवांनी ओळख करून देताना 'ज्यांनी एका फोटोवरून विमान ओळखलं आणि घरबसल्या अपघाताचा उलगडा केला' असं म्हटलं, टाळ्या झाल्या, आणि तो कागद मी घडी करून खिशात ठेवला. समोर साठ-सत्तर माणसं होती. शिक्षक, बँकेतली मंडळी, कचेरीतली, त्यांच्या बायका. पंखांवरून हवा कशी वाहते, नाक फार उचललं तर ती कशी सुटते, हे मी चाळीस मिनिटं सांगितलं. चांगलं सांगितलं. त्या अपघाताविषयी बोलणं टाळत राहिलो.

शेवटी प्रश्न सुरू झाले आणि पुढच्या रांगेतले एक निवृत्त अधिकारी म्हणाले, "म्हणजे सर, चूक त्या तेलवाल्याचीच ना?"

इतका सोपा प्रश्न होता. नाही, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "चौकशी चालू आहे. पण शक्यता तीच दिसते."

हॉलच्या मागच्या दाराजवळ कोणीतरी उभं राहिलं. तीच होती. ती आल्याचं मला माहीतच नव्हतं.

"सर," ती म्हणाली. माईक नव्हता तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "शुक्रवारी साहेबांनी पप्पांना विचारलं, तेल में पानी मिला था क्या. पप्पांना वाटलं, पानी निकाला था क्या, असं विचारलं. ते हो म्हणाले. साहेबांनी तसं लिहून घेतलं आणि खाली सही घेतली."

खुर्च्यांवरून माना मागे वळल्या.

"तुम्ही असतात तर असं झालं नसतं सर," एवढं म्हणून ती दारातून गेली.

पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याची बाटली उघडली आणि बंद केली. सचिव घाईनं उठून म्हणाले, "चहाची व्यवस्था बाहेर केलेली आहे." लोक उठले, खुर्च्या सरकल्या. कोणी माझ्याशी वाईट बोललं नाही. दोघा-तिघांनी तर "छान झालं" असंही म्हटलं. मी शाल आणि नारळ पिशवीत घालून घरी आलो.

बायकोला या वेळी मी सगळं खरं सांगितलं. खिडकी, पंख्याची पाती, चाचणीचं खोटं, हॉलमधलं. ती भांडी आवरता आवरता ऐकत होती. मग हात पुसून म्हणाली, "आता मला काहून सांगता? ज्यांना सांगायचं त्यांना सांगा ना."

सोमवारी सकाळी मी रजा टाकली आणि नवागामला गेलो. शाळेजवळचाच भाग, रोज त्या रस्त्यानं जातो, पण गल्लीत शिरलो नव्हतो. दोन्ही बाजूंना खोल्या, वरून वायरी, कुठूनतरी लूमचा आवाज. त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर, लोखंडी जिन्यानं जायची. ती कामाला गेलेली होती. तिचे वडील दारातच खाली बसून मोटारसायकलचा काहीतरी भाग पुसत होते. पन्नाशी ओलांडलेला, बारीक अंगाचा माणूस. मला पाहून ते चटकन उभे राहिले.

"या की सर. या. आत या." आणि आत वळून, "अगं, पोरीचे सर आलेत. चहा टाक."

मी त्यांच्यासमोर खुर्चीवर बसलो, ते कॉटवर. मी आधी हळू बोललो, त्यांना ऐकू गेलं नाही. मग मोठ्यानं बोलावं लागलं. ज्या गोष्टी तोंडातल्या तोंडात सांगाव्याशा वाटतात त्या मला ओरडून सांगाव्या लागल्या, गल्लीला ऐकू जातील अशा. "मी चुकलो. विमान मी चुकीचं ओळखलं. तुमच्या तेलात काही नव्हतं. मला बुधवारीच कळलं होतं आणि मी गप्प बसलो." शेजारच्या खोलीतली बाई दारात येऊन उभी राहिली.

ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. मग म्हणाले, "तुमाला काय ठावं सर, तुमी तिथं नव्हता."

हे त्यांनी मला सावरून घेण्यासाठी म्हटलं होतं. याहून कठोर बोलले असते तर सोसलं असतं.

मग त्यांनीच मला समजावून सांगितलं, त्यांचं काम काय असतं ते. "हे बगा सर. सकाळी गेलं की आदी ग्लास. हिकडच्या पंखाखालून एक, तिकडच्या पंखाखालून एक, आन् नाकाखालून एक. तेल निळं असतंय. आभाळाकडं धरायचं. खाली पाण्याचा मणी दिसला की टाकून द्यायचं, परत काडायचं. मणी दिसतुया तवर काडत ऱ्हायचं, न्हाई दिसला की थांबायचं. आन् माझ्यावर कोण सोडतंय? नंतर कॅप्टन सायेब स्वता काडून बगतेत. त्या दिवशी बी बगितलं. त्या पोरीला बी दावलं."

वैमानिकानं स्वतः तपासायचं असतं, हेही मला माहीत होतं. नागपूरला मला ग्लास दाखवला तो शिक्षकांनीच, तेल भरणाऱ्यानं नव्हे. एवढी वर्षं ती गोष्ट सांगताना ही बाजू माझ्या ध्यानातच आली नव्हती.

चहा आला. मी प्यायलो. मग तिथेच बसून, मराठीत त्यांना मोठ्यानं वाचून दाखवत, हिंदीत अर्ज लिहिला की जबाब घेताना प्रश्न ऐकू आला नव्हता, सबब जबाब पुन्हा घ्यावा. त्यांनी सही केली. सहीला त्यांना वेळ लागला.

दोन दिवसांनी मी त्यांच्याबरोबर धावपट्टीवर गेलो, त्यांच्याच मोटारसायकलच्या मागे बसून. पत्र्याच्या शेडमध्ये एक टेबल मांडून चौकशी अधिकारी बसले होते. अर्ज वाचून त्यांनी मान वर केली आणि मला विचारलं, "आप कौन? रिश्तेदार?"

"नहीं साहब. वो वीडियो में... वो मैं था।"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अच्छा, आप हैं." मग टेबलावरच्या कागदांच्या चळतीवर हात ठेवून म्हणाले, "हम लोग बारह दिन से यहाँ बैठे हैं, मास्टरजी. आपने तो एक दोपहर में निपटा दिया था."

शेडमध्ये आणखी तिघं होते. कोणी हसलं नाही, आणि तेच जास्त लागलं. मी पंख्याच्या पात्यांचं सांगायला लागलो, तर त्यांनी हात वर केला. "वो हमने देखा है." अर्थात पाहिलं होतं. त्यांनी जबाब पुन्हा घेतला. प्रश्न मी मराठीत, मोठ्यानं सांगत होतो आणि तिचे वडील उत्तर देत होते. मी मध्ये एक शब्दही घातला नाही. इंजिनातलं आणि टाकीतलं तेल तपासायला पाठवलेलं होतं. पुढे त्यात पाणी निघालं नाही.

खरं कारण कळायला काही महिने गेले. विमान शिकणाऱ्या त्या मुलीच्या सीटचं होतं. सीट पुढेमागे सरकवण्यासाठी खाली रुळासारख्या पट्ट्या असतात आणि एक खीळ त्यांच्या भोकात बसते. ती भोकं वापरून वापरून झिजली होती. नाक वर उचललं जाताना खीळ निसटली आणि सीट धाडकन मागे गेली. मुलीच्या हातात विमानाचं सुकाणू होतं, तिनं ते तसंच घट्ट धरलं. ती मागे गेली तसं तेही तिच्याबरोबर मागे ओढलं गेलं. त्यामुळे नाक इतकं वर गेलं. कॅप्टननी सावरायला हात घातला तोवर उंचीच उरली नव्हती. इंजिन पूर्ण जोरात होतं. मुलगी दवाखान्यात पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "सीट मागे गेली." पहिल्याच दिवशी. मी इस्त्रीचा शर्ट घालत होतो तेव्हा ते कोणालातरी माहीत होतं.

चॅनलच्या बाईंना मी फोन केला. नवा व्हिडिओ करा, मी चुकलो होतो असं सांगायचंय. त्या म्हणाल्या, "सर, अब वो पुराना हो गया. कौन देखेगा?" जुना व्हिडिओ तरी काढा म्हटलं, तर बघते म्हणाल्या. अजून आहे तो. सोसायटीच्या ग्रुपवर मी लांबलचक मेसेज लिहिला, पहिल्यासारखाच पायऱ्या पायऱ्यांनी, माझ्या चुकांचा. चौघांनी अंगठे दिले आणि लगेच कोणीतरी लिफ्ट बंद असल्याचं लिहिलं. मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी उभा राहून बोललो. सचिवांना ते आवडलं नाही. "एवढं मनाला लावून घेऊ नका हो," म्हणाले. पुढच्या रांगेतल्या त्या निवृत्त गृहस्थांना तर आपण काय विचारलं होतं तेही आठवत नव्हतं.

माझ्या विद्यार्थिनीच्या वडिलांना धावपट्टीवर पुन्हा बोलावलं. ते गेले, दोन महिने केलं आणि स्वतःहून सोडलं. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "मी ग्लास धरला की सगळे बगत ऱ्हातेत सर. आदी कोण बगत न्हवतं." आता ते दिंडोलीच्या एका बांधकामावर राखणदार आहेत. सहा वर्षं जे काम त्यांनी चोख केलं, ते माझ्या एका वाक्यानं त्यांच्या हातून गेलं. अहवालानं त्यांना निर्दोष म्हटलं, पण गल्लीतल्या लोकांनी अहवाल वाचला नाही, व्हिडिओ पाहिला होता.

मी अजूनही वाचतो, पण बोलत नाही. शाळेत कोणी विमानाचं विचारलं तर माहीत असेल तेवढं सांगतो, नसेल तर नाही म्हणतो. नाही म्हणताना अजून जड जातं, हेही कबूल केलं पाहिजे.

जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर माझी पाळी होती. रांग बरीच होती. मान वर केली तर समोर तेच, माझ्या विद्यार्थिनीचे वडील उभे, बोटाला धरून सहा वर्षांची नात, त्यांच्या मुलाची.

"सर, हिला तुमच्या शाळंत घालायचंय."

गुजराती माध्यम, इंग्रजी माध्यम, आजूबाजूला काय कमी शाळा आहेत? मी खाली पाहून अर्ज भरायला लागलो. मुलीचं नाव, जन्मतारीख, पत्ता. मोठ्यानं विचारत होतो, ते सांगत होते. नात टेबलावरच्या पेनांकडे बघत होती. मी फाटकाकडे पाहिलं. त्यांची मुलगी तिथे उभी होती, कामावर जाण्याच्या तयारीत, खांद्याला तीच पिशवी. मी हात वर केला. तिनं पाहिलं. मग तिनं भाचीला हाक मारून हात हलवला, वडिलांना निघते अशी खूण केली आणि बसच्या दिशेनं निघून गेली.

"घाईत हाय ती," ते म्हणाले.

मी "हो" म्हणालो आणि पुढच्या रकान्यावर आलो.